शिक्षकाला नेमका थकवा कशाचा येतो?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचा हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान ४५ तास काम. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वेळ मोजायचा तर असाच मोजावा लागणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत काही वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, संध्याकाळी शाळेला कुलूप लावताना अंगावर जे ओझं असतं त्याचा उगम या तासांत सापडत नाही. बोलून बोलून घसा बसतो, उभं राहून पाय भरून येतात, ते एका झोपेत भरून निघतं. दुसरा एक थकवा असतो, तो झोपून उठल्यावरही जागेवरच असतो. रविवारी भाजी निवडताना डोक्यात वर्गातलं एखादं पोरगं येतं आणि शनिवारी आपण त्याला जरा जास्तच बोललो का, हा विचार दिवसभर सोडत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या थकव्याविषयी आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे विषय जवळचा आहे. पण तो फक्त माझ्यासारख्यांच्या मनाचा खेळ नाही. गेली पन्नासेक वर्षं जगभर त्यावर अभ्यास झाला आहे, आणि तो आपल्या शाळांना लावून पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

परिपाठापासून सुरुवात करू. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. तोंडानं हे सगळं चालू असताना बाईंचे डोळे रांगांवरून फिरत असतात. गुरुवारपासून एकाच सदऱ्यात येणारा मुलगा. रोज पुढे उभी राहणारी, पण आज मागे जाऊन थांबलेली मुलगी. सुजलेले डोळे. हजेरी घेईपर्यंत मनात तीन-चार निर्णय झालेले असतात: हिला आज मोठ्यानं वाचायला उभं करायचं नाही, त्याला खडू आणायला पाठवायचं म्हणजे जरा खुलेल, तिसऱ्याच्या आजीला मधल्या सुट्टीत फोन करायचा. यातलं काहीही पाठाच्या टाचणात लिहिलेलं नसतं. पाठ सुरू होण्याआधीच कामाचा पहिला तुकडा संपलेला असतो आणि कुणालाही तो दिसलेला नसतो.

फिलिप जॅक्सन नावाचे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ १९६०च्या दशकात प्राथमिक शाळांच्या वर्गांत मागे बसून निरीक्षण करायचे. १९६८ साली त्यांनी लिहिलं की एका शिक्षकाचे दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत लहानमोठे व्यवहार होतात. प्रश्न, उत्तर, नजर, दटावणी, शाबासकी, भांडण सोडवणं, ‘बाई, जाऊ का?’ला मान हलवणं, सगळं धरून. तिथे एका शिक्षकाकडे एकच वर्ग होता. आपल्या कायद्यानुसार साठपर्यंत मुलं असतील तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र चार किंवा पाच असतात. म्हणजे दोनशिक्षकी शाळेत प्रत्येकाकडे दोन किंवा तीन वर्ग. चौथीला अपूर्णांक समजावताना पहिलीतलं पोर पेन्सिल हरवली म्हणून रडत असतं आणि तिसरीतल्या दोघांची खोडरबरावरून जुंपलेली असते. तिघांनाही त्याच मिनिटाला बाई हव्या असतात. अपूर्णांकाला लागणारा शांत आवाज, रडणाऱ्यासाठीचा मऊ आवाज आणि भांडणाऱ्यांसाठीचा करडा आवाज, हे तीन आवाज एकाच गळ्यातून पाठोपाठ काढायचे आणि त्यातला एकही चुकीच्या मुलाकडे जाऊ द्यायचा नाही. दिवसातून हे किती वेळा होतं ते कुणी मोजत नाही, पण शरीर मोजत असतं.

आता यामागचं शास्त्र पाहू. १९८३ साली आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिकांच्या नोकरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवासी कितीही उद्धट वागला तरी चेहऱ्यावर हसू ठेवायचं, हा त्या नोकरीचा भाग होता आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं जायचं. हॉकशिल्ड यांनी दाखवून दिलं की पेट्या उचलणं हे जसं काम आहे, तसंच स्वतःच्या भावना आवरून नोकरीला हव्या तशा दाखवणं हेही कामच आहे. त्यातही शक्ती खर्च होते आणि त्याचाही मोबदला ठरलेला असायला हवा. अशा कामाला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. त्याच अभ्यासात थकलेली बिलं वसूल करणारे कर्मचारीही होते. त्यांना उलटं, मनात नसताना कठोर व्हावं लागायचं. शिक्षकाचं वेगळेपण इथेच आहे. मनात नसताना हसणं आणि मनात नसताना रागावणं, ही दोन्ही कामं त्याला एकाच तासात करावी लागतात. समोर लहान मुलं असल्यानं एखादी चूक झाली तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या तरी मनात राहू शकते, याचीही जाणीव त्याला असते.

भावना आवरण्याचे दोन मार्ग हॉकशिल्ड यांनी सांगितले. समजा एका मुलानं पाटी आपटून फोडली. पहिला मार्ग म्हणजे आतून संताप असतानाही दात आवळून शांत आवाजात ‘बस खाली’ म्हणायचं. आतला संताप तसाच राहतो, फक्त वर झाकण बसतं. दुसरा मार्ग म्हणजे क्षणभर थांबून आठवायचं, की हा मुलगा सकाळी काही खाऊन आलेला नाही, दोन दिवसांपासून याची आई माहेरी गेलेली आहे. हे आठवलं की राग खरंच विरघळतो आणि शांतपणा आणावा लागत नाही, येतो. पुढे अनेक व्यवसायांत झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की माणसाला जास्त पोखरतो तो पहिला मार्ग. वरून एक आणि आतून एक, हे अंतर जितकं मोठं तितका थकवा जास्त.

मग सगळ्यांनी दुसराच मार्ग धरावा, असं प्रशिक्षणात सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यासाठी मुलाच्या घरात काय चाललंय हे माहीत असावं लागतं, आणि ते आठवायला क्षणभराची उसंत लागते. पंचवीस मुलांची घरं माहीत असू शकतात. खाजगी शाळेतल्या साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत, तासागणिक वर्ग बदलणाऱ्या शिक्षकाला ती कशी माहीत असणार? वर्गात मुलं किती आणि हातात वेळ किती, यावर शिक्षक मनापासून प्रेमळ राहू शकतो की दात आवळून प्रेमळ राहतो, हे बरंचसं ठरतं. शिक्षकाच्या स्वभावाबद्दल आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मं तरी पटसंख्येबद्दल बोलायला हवं, असं मला वाटतं.

तिसरीही एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर चित्र अपुरं राहील. शिक्षकाचं बरंचसं प्रेम अजिबात आणलेलं नसतं. पहिलीतलं पोर दिवाळीनंतर एक दिवस अचानक ‘कमळ’ हा शब्द अक्षरं न जोडता सलग वाचतं आणि स्वतःच दचकून बाईंकडे बघतं, त्या क्षणाचा आनंद कुणाला शिकवावा लागत नाही. असा आनंद माणसाला भरतो. म्हणूनच या पेशात इतकी माणसं इतकी वर्षं टिकतात. पण जीव लावला की जीव तुटायचीही तयारी ठेवावी लागते.

मुलं घरातून येताना दप्तराबरोबर घरही घेऊन येतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलला परततात. मुलांची शाळा तुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलं गावातच आजी-आजोबांकडे राहतात, जेवण शाळेकडून मिळतं. कागदावर ही जेवणाची योजना आहे. प्रत्यक्षात पाच-सहा महिने त्या मुलांचं आईसाठी रडणं, रात्रीचा ताप, सणाच्या दिवशीचं एकटेपण, हे सगळं गुरुजींच्या आणि बाईंच्या वाट्याला येतं. दुसरीकडे, जी मुलं आईबापांबरोबर फडावर गेली त्यांचं रिकामं बसकर रोज दिसत असतं. मोठ्या कष्टानं वाचायला शिकलेलं मूल परत येईल तेव्हा अक्षरं विसरून येईल, हे माहीत असूनही त्याला हात हलवून निरोप द्यायचा असतो.

याहून जड गोष्टीही कानावर येतात. बाप दारू पिऊन मारतो. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलंय, ती चौदा वर्षांची आहे. आणि कधीतरी एखादी मुलगी हातपंपावर हात धुताना, बाईंकडे न बघता, एखादं असं वाक्य बोलते की त्यानंतर त्या दिवशीचा कोणताही पाठ नीट होत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार द्यायची तो याच गावचा असतो आणि मुलीनं विश्वासानं सांगितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच रस्त्यानं शाळेत जायचं असतं.

दुसऱ्याचं दुःख सतत ऐकणाऱ्या माणसाला त्या दुःखाची झळ लागते, हे चार्ल्स फिगली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात सविस्तर मांडलं. अपघातग्रस्त, अत्याचारग्रस्त लोकांबरोबर काम करणाऱ्यांना स्वतःवर काही न बेतताही झोप न लागणं, दचकणं, सुन्न होणं, असे त्रास होतात. समुपदेशकांच्या व्यवसायात याची सोय करून ठेवलेली असते. भेटीची वेळ ठरलेली असते, खोली वेगळी असते, आणि आठवड्या-पंधरवड्यानं आपल्याहून अनुभवी माणसाकडे जाऊन ‘ही केस मला जड जातेय’ असं सांगायची रीत असते. शिक्षक मात्र हे सगळं मधल्या सुट्टीत, खिचडीचं वाटप चालू असताना, उभ्या उभ्या ऐकतो. पाच मिनिटांनी घंटा होते आणि त्याला तिसरीचा परिसर अभ्यास उघडावा लागतो.

यात आणखी एक दुःख आहे ज्याचं नावही कुणी घेत नाही. दर वर्षी चौथीची मुलं जातात. पहिलीला बोट धरून आलेली, चार वर्षं ज्यांचे दात पडताना आणि येताना पाहिले अशी मुलं दाखला घेऊन निघून जातात आणि जूनमध्ये नवी येतात. आईबापांना हा निरोप आयुष्यात एकदा किंवा दोनदा द्यावा लागतो, शिक्षकाला निवृत्तीपर्यंत दर वर्षी. बदलीची तर गोष्टच वेगळी. बदलीच्या दिवशी मुलं गाडीच्या मागे रडत धावल्याच्या बातम्या आपण कौतुकानं वाचतो. दुसऱ्या दिवशी ते गुरुजी नव्या गावात, अनोळखी तीस चेहऱ्यांसमोर, पुन्हा पहिल्यापासून जीव लावायला उभे राहतात. त्यात नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या, म्हातारे आईवडील तिसरीकडे, असं असेल तर घरीही कुणाशी चार शब्द बोलायची सोय उरत नाही. शिक्षिका असेल तर घरी गेल्यावर आणखी एक पाळी सुरू होते. स्वतःच्या मुलाचा अभ्यास घेण्याइतका धीर तेव्हा शिल्लक नसतो, आणि त्याची बोचणी पुन्हा वेगळी.

हे सगळं साचत गेलं की काय होतं? १९७४ साली न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून या आटून जाण्याचं (इंग्रजीत ‘बर्नआउट’) पहिलं वर्णन केलं. त्यांचं एक निरीक्षण शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं आहे: आधी कोलमडतात ते कामचुकार नव्हेत, सर्वात जास्त झोकून देणारे. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी या अवस्थेची मोजपट्टी तयार केली. तिचे तीन भाग आहेत. पहिला, भावना पूर्ण आटून जाणं. दुसरा, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून बघणंच थांबणं. तिसरा, आपल्या हातून काही भलं होतच नाही असं वाटणं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिच्या रोगवर्गीकरणात याची नोंद घेतली, आजार म्हणून नव्हे, तर नोकरीच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था म्हणून. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष माणसात शोधण्याआधी परिस्थितीत शोधा, असा त्याचा अर्थ होतो.

यातला दुसरा भाग शाळेत कसा दिसतो ते सांगते, कारण तो ओळखू येत नाही. मुलांची नावं जाऊन ‘तो मागचा’, ‘ती ऊसतोडवाल्याची’, ‘ढ’ हे शब्द येतात. ‘ही पोरं सुधारायची नाहीत’ हे वाक्य रोज ऐकू येतं. रडणाऱ्या मुलाकडे पाहून काहीच वाटत नाही. नोकरीला लागताना हाच माणूस मुलांसाठी स्वतःच्या पैशानं रंगपेट्या आणत होता, हे आठवणारं आता शाळेत कुणी नसतं. आपण त्याला निर्दय म्हणतो. बहुतेक वेळा तो आपलं उरलंसुरलं मन वाचवत असतो. याचा अर्थ मुलांवर हात उचलायला किंवा त्यांना टाकून बोलायला माफी आहे, असा अजिबात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे आणि ती कडकपणे पाळलीच पाहिजे. पण नुसत्या बंदीनं आटलेलं मन भरत नाही.

युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरात प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं प्रमाण २०१५ साली साडेचार टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ साली नऊ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे कायम नोकरी सहसा कुणी सोडत नाही, घर तिच्यावर चालतं. त्यामुळे आपल्याकडचं सोडून जाणं आकड्यांत दिसत नाही. माणूस हजेरीपटावर सही करतो, खुर्चीत बसतो, आणि मन केव्हाच निघून गेलेलं असतं. मुलांच्या दृष्टीनं हे राजीनाम्याहून वाईट आहे, कारण रिकाम्या जागेवर निदान दुसरा माणूस तरी येतो.

अशैक्षणिक कामांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये असं म्हणतं. प्रत्यक्षात निवडणुकीत मोडणारं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम असतं, आणि त्यापलीकडे सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ‘तातडीचे, आज दुपारी दोनपर्यंत’ हे सगळं असतंच. यात वेळ जातो हे सगळ्यांना कळतं. मनाला काय होतं ते कमी कळतं. अडखळत वाचणारं मूल आज पहिल्यांदा पूर्ण ओळीच्या जवळ आलेलं असतं आणि नेमका त्याच वेळी फोन वाजतो. ‘थांब हं जरा’ म्हणून शिक्षक उठतो. मूल पुस्तक मिटतं. हे रोज झालं की आपण मुलांना दिलेला शब्द रोज मोडतोय, असं वाटायला लागतं. जे काम करायला आलो तेच सोडून देण्याची सवय लागणं, यासारखं पोखरणारं दुसरं काही नसतं.

आणि पैसा. २००० सालानंतर महाराष्ट्रात शिक्षणसेवक पद्धत आली, पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकचं मानधन २०२३ साली सहा हजारांवरून सोळा हजार झालं. म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं, ज्या तरुण वयात शिक्षक सर्वात जास्त जीव ओततो, त्या वयात त्याला घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल भागवताना मेटाकुटीला यावं लागत होतं. विनाअनुदानित शाळांत अनुदानाची वाट पाहत बिनपगारी, नाहीतर नाममात्र पगारावर वर्षं काढलेले शिक्षक आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसले आहेत. समर्पणाचं मोल पैशात होत नाही हे खरं, पण पोटाची चिंता असलेल्या माणसाकडून समर्पणाची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

तरीही आपण ती अपेक्षा करतो, कारण आपल्यापुढचे आदर्श तसे आहेत. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात शिकवायला जाताना लोक अंगावर चिखल-शेण टाकायचे, म्हणून जवळ दुसरं लुगडं बाळगायच्या. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक आणि छात्रालयाचे चालक होते तेव्हा मुलांच्या खोल्या झाडायचे, आजारी मुलांची शुश्रूषा करायचे, त्यांच्यासाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. या माणसांपुढे मान आपोआप झुकते. पाच सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचीच नावं घेऊन शिक्षकांना सांगितलं जातं, की हे व्रत आहे, सर्वस्व द्या.

पण त्यांची चरित्रं नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते जी भाषणांत येत नाही. ती माणसं एकटी नव्हती. सावित्रीबाईंबरोबर जोतिराव होते, फातिमा शेख होत्या, सगुणाबाई होत्या. शिवीगाळ झेलून घरी आल्यावर ती ऐकणारं, समजणारं आणि उद्या पुन्हा जायला बळ देणारं माणूस घरात होतं. अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या त्या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या सोबतीला. पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये काम करताना गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांच्या मागे धावून स्वतःचा जीव आणखी आटवला नाही. शाळाच कुरणावर नेली. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत, अशी ती कुरणशाळा. अडचण शिक्षिकेच्या सहनशक्तीवर न ढकलता शाळेचा आकार बदलून सोडवली. समर्पणाचं हे रूप मला सर्वात शिकण्यासारखं वाटतं. आपण त्यांच्या त्यागाची गोष्ट सांगतो, सोबतीची आणि व्यवस्था बदलण्याची सांगत नाही, आणि मग दोनशिक्षकी शाळेतल्या एकट्या बाईंकडून सावित्रीबाईंची अपेक्षा ठेवतो.

उन्हाळ्यात विहीर उपसली की पाझरांना भरायला वेळ द्यावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शिक्षकाच्या बाबतीत हा वेळ म्हणजे नुसती सुट्टी नव्हे. मनावरचं बोलायला हक्काचं माणूस मिळणं आणि ओझ्याचा काही भाग ज्याचा त्याच्या हाती जाणं, हे त्यात येतं. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ ही चाईल्डलाइन आहे, बाल कल्याण समिती आहे. त्यांचे क्रमांक मुख्याध्यापकांच्या टेबलावर हवेत, म्हणजे निर्णय एकट्या शिक्षकाच्या छातीवर राहत नाही. स्वतःला झोप येत नाही, रडू आवरत नाही, मुलांचा तिटकारा यायला लागलाय, असं होत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक सरकारनं २०२२ पासून चालू केलेला आहे. मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणारा शिक्षक कमकुवत नसतो, तो आपल्या वर्गाची काळजी घेत असतो.

पालकांच्याही हातात बरंच आहे. घरात मृत्यू झाला, भांडण झालं, आई दवाखान्यात आहे, तर मूल शाळेत येण्याआधी एवढं एक वाक्य शिक्षकाला कळवा. त्या एका वाक्यानं दिवसभराचे गैरसमज टळतात, आणि वर ज्या दुसऱ्या मार्गाबद्दल सांगितलं, आतून शांत होण्याच्या, तो त्या दिवशी बाईंना मोकळा होतो. रात्री नऊनंतर गृहपाठाच्या शंका पाठवू नका. आणि मुलानं घरी येऊन ‘आज बाईंनी छान शिकवलं’ म्हटलं, तर ते बाईंपर्यंत पोहोचवा. मॅसलॅक यांच्या मोजपट्टीतला तिसरा भाग, आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं, तो अशाच निरोपांनी मागे हटतो.

शाळेच्या पातळीवर मला सगळ्यात शक्य वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट या मानसोपचारतज्ज्ञांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. औषधांची चर्चा करायची नाही. एका डॉक्टरनं, मनातून जात नाही अशा एका रुग्णाबद्दल सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि त्या नात्यात काय घडतंय ते मिळून समजून घ्यायचं. असे गट आजही अनेक देशांत चालतात. आपल्याकडे केंद्रपातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होतेच. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, परिपत्रकं वाचली जातात, माहिती गोळा होते, नाश्ता होतो. त्यातला अर्धा तास यासाठी काढता येईल. आठ-दहा जणांचा गट, त्यात अधिकारी नकोत. मुलाचं आणि गावाचं नाव घ्यायचं नाही. एका शिक्षकानं एका मुलाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही, फक्त विचारायचं: त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, त्या मुलाला काय वाटत असेल? बोललेलं तिथेच राहील. आणि पुढच्या महिन्यात नवीन शिक्षक बोलायच्या आधी, मागच्या वेळच्या मुलाचं पुढे काय झालं ते सर्वांना सांगायचं.